मामाने दिलेली अंगठी

मैत्रिणींनो, या पानावर एरवी आपण तांदळाला पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय करावं, लोकरीचे कपडे कसे ठेवावेत, असल्या गोष्टी बोलतो. आज मात्र मी तुम्हांला एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. तीही खुनाची! लगेच नाक मुरडू नका. या खुनाच्या सिनेमात रक्ताचा थेंबसुद्धा दिसत नाही. दिसतं ते स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल, मागचा जिना, आणि एक आई. आणि त्या आईला मी गेले पंधरा दिवस डोक्यातून काढू शकलेली नाही.

सिनेमाचं नाव ‘शॅडो ऑफ अ डाऊट’. संशयाची सावली म्हणू या. १९४३ सालचा, आल्फ्रेड हिचकॉक यांचा. हिचकॉक म्हटलं की आपल्याला ते न्हाणीघरातलं दृश्य तरी आठवतं, नाहीतर पक्ष्यांचे थवे. पण त्यांच्या मुलीने, पॅट्रिशियाने, सांगून ठेवलंय की वडिलांचा आवडता सिनेमा हा होता. का असावा, ते मला पाहिल्यावर कळलं. घराघरांत जे गुपचूप चालतं, ते त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा नावाच्या एका छोट्या गावात नेऊन मांडलंय. चित्रण खरोखर त्याच गावात जाऊन केलं. एवढंच काय, घरातली धाकटी चष्मेवाली मुलगी, ॲन, हिचं काम करायला त्याच गावातल्या एका वाण्याची मुलगी निवडली.

तर गोष्ट अशी. न्यूटन कुटुंब. वडील बँकेत नोकरीला, साधे, शेजाऱ्याबरोबर बसून रहस्यकथांतल्या खुनांच्या गप्पा मारणारे. आई एमा. तीन मुलं. थोरली मुलगी नुकतीच शाळा संपवून घरी आहे, हुशार आहे, पहिल्यापासून सगळ्यांत पुढे. आणि आता पलंगावर पडून छताकडे बघते आहे. तिचं म्हणणं, या घरात काही होतच नाही. खायचं, झोपायचं, आई राब राब राबते आणि कुणी लक्ष देत नाही. तुमच्या घरात दहावी-बारावी झालेली मुलगी असेल तर हा चेहरा तुमच्या ओळखीचा आहे! या मुलीचं नाव चार्ली. आईने आपल्या लाडक्या धाकट्या भावाचं नाव तिला ठेवलेलं. मामा चार्ल्स, भाची चार्ली. तिला वाटतं, मामा आला तर घर पुन्हा उजळेल. त्याला तार करायची म्हणून ती तारघरात जाते, तर मामाचीच तार आलेली, मी येतोय म्हणून. मुलगी आनंदाने वेडी होते. मनाचे धागे जुळलेत म्हणते.

आणि गाडी स्टेशनात शिरते ती काळ्याकुट्ट धुराचा लोट सोडत. एवढ्या धुरात गाव झाकोळतं. हिचकॉकने तो धूर मुद्दाम मागवून घेतला असणार.

आता मामा काय काय आणतो बघा. मेव्हण्याला मनगटी घड्याळ. बहिणीला फरचा गळपट्टा, आणि आईवडिलांचे जुने फोटो. फोटो पाहून एमाचा चेहरा असा काही फुलतो की काय सांगू. तिच्या माहेरचं आता दुसरं काय उरलंय? आणि भाचीला पाचूची अंगठी. तो ती स्वतःच्या हाताने तिच्या बोटात घालतो. मुलगी बारकाईने बघणारी. तिला आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं दिसतात. कुणी तरी कुणाला तरी दिलेली अंगठी आहे ही. ती मामाला सांगते. तो म्हणतो, जव्हेऱ्याने फसवलं मला.

इथून तिच्या मनात पहिला खडा पडतो.

मी सगळी गोष्ट टप्प्याटप्प्याने सांगत बसत नाही. थोडक्यात, मामा श्रीमंत विधवांना नादी लावून त्यांचे गळे दाबणारा आणि दागिने-पैसे घेऊन पसार होणारा माणूस आहे. दोन पोलीस पाहणी करणाऱ्या सरकारी माणसांचं सोंग घेऊन घरात येतात. एक सर्वसामान्य अमेरिकन कुटुंब कसं असतं त्याची माहिती आणि फोटो हवेत म्हणतात. (एमाला त्यांतला एक म्हणतो, अंडं फोडताना फोटो काढू या. ती म्हणते, छे, आधी लोणी आणि साखर फेसायला हवी, अंडं नंतर. खुनी वरच्या खोलीत बसलाय आणि ही केकची रीत मोडायला तयार नाही. मला ही बाई तिथेच आवडली.) मामा वर्तमानपत्रातलं एक पान फाडून लपवतो, आणि तेही धाकट्या मुलीला कागदाचं घर करून दाखवण्याच्या मिषाने. थोरली ते पान त्याच्या कोटाच्या खिशातून गमतीने काढते, तर तो तिचे मनगट असे काही पिरगळतो की तिचं हसू जागच्या जागी मरतं.

मग एका रात्री ती धावत सुटते. गावचं ग्रंथालय नऊला बंद होतं. रस्ता ओलांडताना ती गाडीखाली यायची वाचते. दार बंद झालेलं, दिवे विझत आलेले. ग्रंथपाल बाई नाराजीनेच तिला तीन मिनिटं देतात. ती ते पान उलगडते. मारल्या गेलेल्या बाईचं नाव आणि तिच्या नवऱ्याचं नाव, त्यांची आद्याक्षरं, आणि तिच्या बोटातली अंगठी. ती अंगठी काढून आतून बघते. कॅमेरा हळूहळू वर वर जातो आणि ती एवढ्या मोठ्या दालनात एवढीशी होऊन जाते. मुलीला घरातलं काही कळतं, तेव्हा ती अशीच एकटी असते हो. आपण त्या वेळी आत पोळ्या लाटत असतो.

दुसऱ्या दिवसापासून चार्ली कशी वागते, तेवढं मला तुम्हांला नीट सांगायचंय. ती जवळजवळ दिवसभर झोपते. उठते तेव्हा चेहरा ओढलेला. मामा समोर येऊ नये म्हणून मागच्या जिन्याने उतरते. आईला म्हणते, तू बस, आजचा स्वयंपाक मी करते. एमा कौतुकाने बसते! एकच धून तिच्या डोक्यात घोळत राहते, आणि ती जेवताना आईला सांगते की ती धून आता कुणी गुणगुणू नका. आणि मामाशी उद्धटपणे बोलू लागते. आदल्या दिवशीपर्यंत त्याच्या गळ्यात पडणारी मुलगी.

आपण यावर काय म्हणू? ‘वयच तसं आहे.’ ‘अभ्यासाचा ताण.’ ‘मोबाइल काढून घ्या, सगळं ताळ्यावर येईल.’ किंवा ते आपलं ठेवणीतलं, ‘मामाशी असं बोलतात का गं?’

एमासुद्धा हेच करते. आणि तिला दोष द्यायला माझं मन होत नाही. का, ते सांगते. हे काम पॅट्रिशिया कॉलिंज या नटीने केलंय, आणि असं केलंय की टेरेसा राइट आणि जोसेफ कॉटन यांच्यावरून नजर काढून मी पुन्हा पुन्हा हिच्याकडे बघत होते. एमा टेलिफोनवर ओरडून बोलते. जणू आवाज तारेतून स्वतःच ढकलायचाय! आपल्या आया ट्रंककॉलवर अशाच बोलायच्या. भावाविषयी बोलताना ती पुन्हा लहान होते. सांगते, की लहानपणी त्याला वडिलांनी सायकल आणली आणि तो बर्फावरून घसरून मोठ्या अपघातात सापडला. डोक्याला मार लागला, वाचतो की नाही असं झालं. त्यानंतर तो बदलला. ती हे मायेने सांगते. आपल्याला ऐकताना काटा येतो.

शेवटाकडे, भरल्या घरात पाहुण्यांसमोर, मामा जाहीर करतो की मी उद्या निघालो. आणि एमा कोसळते. रडत रडत ती जे सांगते त्याचा अर्थ असा, की हा घरात होता तेव्हा ती कुणाची तरी मुलगी होती, बहीण होती. नाहीतर लग्न होतं आणि माणूस स्वतःला विसरतं, नवऱ्याची बायको एवढंच उरतं. सगळे पाहुणे अवघडून खाली बघतात. बायांनो, आपल्याकडे तर कित्येक घरांत लग्नात मुलीचं नावही बदलत. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचं. जिला माहेरच्या नावाने हाक मारणारा आता एकच भाऊ उरलाय, ती बाई त्या भावाविरुद्ध एक शब्द ऐकेल? त्याच्या भाऊबिजेच्या ओवाळणीची ती वर्षभर वाट बघते. ओवाळणी किती यासाठी नाही. तो आला म्हणजे ती कुणीतरी होते, म्हणून.

मुलींना हे बरोबर कळतं. तुम्हांला वाटतं, तिला काही कळत नाही. चार्लीला पहिल्या क्षणापासून माहीत आहे की आईला हे कळलं तर आई मरेल. मामाही तेच हत्यार वापरतो: तुझ्या आईचं काय होईल, याचा विचार कर. ती पोलिसांना गळ घालते की त्याला इथे, आईसमोर पकडू नका, गावाबाहेर जाऊ द्या. ते कबूल होतात. पुढे पूर्वेकडे दुसरा एक संशयित पोलिसांपासून पळताना विमानाच्या पंख्यात सापडून मरतो, आणि त्यालाच खुनी समजून तपास बंद होतो. आता सत्य ठाऊक असणारी जगात दोनच माणसं. मामा आणि भाची. मग मागच्या जिन्याची पायरी तुटते आणि ती पडता पडता वाचते. मग गॅरेजमध्ये मोटारीचं इंजिन चालू, धूर कोंडलेला, किल्ली जागेवर नाही आणि दार अडकलेलं. तिला शेजारच्या खुनाच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने हाक दिली म्हणून ती जगते. टॅक्सीत बसल्यावर एमाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येतं. आधी जिना, मग हे, असं काहीतरी ती स्वतःशी पुटपुटते. मी टीव्हीसमोर पुढे सरकून बसले. आता हिला कळणार! पण गाडी चालू लागते, व्याख्यानाला उशीर होतोय, आणि तो विचार तिथेच राहतो.

इथे माझं हिचकॉकशी नाही, तर त्या घरातल्या सगळ्यांशी भांडण आहे. मुलगी ठरवते आईला झेपणार नाही. पोलीस ठरवतात. मामाला तर ते हवंच आहे. एमाला विचारलं कुणी? दोन वेळा मरता मरता वाचलेली पोर आईचं मन जपते आहे! हे उलटं झालं की नाही? मला तर वाटतं, त्या बाईला कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर ती रडली असती, आक्रोश केला असता, दोन दिवस जेवली नसती, आणि तिसऱ्या दिवशी मुलीच्या खोलीत अंथरूण घालून झोपली असती.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे असले खुनी मामा. बरोबर आहे. पण गुपितं खुनाचीच असतात असं थोडंच आहे? वडिलांनी घर गहाण टाकलंय आणि मुलीने बँकेचा कागद पाहिलाय. काकांचं दुसरं बिऱ्हाड आहे आणि ते तिला मैत्रिणीकडून कळलंय. आणि सगळ्यांत वाईट, घरातल्याच कुणाचा हात नको तिथे लागलाय. १९४३ च्या सिनेमातला मामा विधवांचे गळे दाबतो, पण मुलीच्या तोंडाला कुलूप कसं लागतं हे त्याने जसं दाखवलंय ते आजही तसंच आहे. आपल्या केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्र होता, गोवाही होता. मुलांना त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले निघाले. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

म्हणून मुलीशी बोलायचं कसं, त्याबद्दल थोडं. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून ‘काय झालंय ते सांग बरं’ असं विचारलंत तर ती ‘काही नाही’ म्हणून उठून जाईल. माझा अनुभव असा की मुली हाताला काम असताना बोलतात. मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, रात्री दिवा मालवल्यावर. तुम्ही तिच्याकडे बघायचं नाही, पानं खुडत राहायचं. आणि मुलगी ‘मला अमुक माणूस आवडत नाही’ एवढंच म्हणाली तर ‘असं बोलू नये’ हे शब्द गिळायचे. गिळायला जड जातात, मला माहीत आहे. ‘का गं?’ एवढं म्हणायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं आपल्याला जमत नाही, तेवढं शिकायचं.

ती काही बोललीच, तर त्याच पावली भावाला फोन लावून ‘असं म्हणते रे ही, खरंय का?’ असं विचारायला जाऊ नका. तो नाही म्हणणार, तुम्हांला हायसं वाटणार, आणि मुलगी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. ‘बाबांना सांगू नकोस हं’ हेही नको. एक गुपित तिच्या डोक्यावरून उतरवून दुसरं ठेवल्यासारखं होतं. आणि प्रकरण अंगाला हात लावण्याचं असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू आहे, त्यात नात्यातल्या माणसाला शिक्षा जास्त कडक आहे, कमी नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मोफत आहे. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच्या शेजारी लिहून ठेवा. मुलांना दिसेल असा.

कधी कधी त्यात काहीच नसतं हेही खरं. नुसतीच भीती, वयाची. छातीत धडधड, झोप न लागणं, शाळेच्या दिवशी पोटात दुखणं. मुलगी खोटं बोलत नसते तेव्हाही. असं आठवडे आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवावं, आणि त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवलं तर दचकू नये. चष्मा लागला तर आपण दचकतो का?

बरं, सिनेमाचा शेवट सांगू का? रहस्यकथेचा शेवट सांगणं पाप, पण ऐंशी वर्षांनी ते पाप धुतलं जात असावं. चार्ली ती अंगठी पुन्हा मिळवते आणि घरात पाहुणे जमलेले असताना जिन्यावरून हळूहळू उतरते, कठड्यावर हात ठेवून, बोटात पाचू. मामा खालून बघतो. हातात प्याला उचललेला. आणि त्या क्षणी तो जाहीर करतो, मी उद्या निघतो. एक शब्द न बोलता मुलीने त्याला घराबाहेर काढलं! दुसऱ्या दिवशी गाडीत तो तिला उतरू देत नाही, धावत्या गाडीतून ढकलायला बघतो, आणि झटापटीत स्वतःच समोरून येणाऱ्या गाडीपुढे पडतो. गाव त्याची थाटात अंत्ययात्रा काढतं. आत धर्मोपदेशक त्याची थोरवी गातात, आणि बाहेर ती मुलगी आणि तो तरुण पोलीस, दोघंच, दारात उभी. एमाला कधीच कळत नाही.

हे काम चालू असतानाच, १९४२ च्या सप्टेंबरात, हिचकॉक यांची आई इंग्लंडमध्ये वारली. तिचंही नाव एमाच होतं.

सिनेमा एकशे आठ मिनिटांचा, कृष्णधवल. आता घरबसल्या बघता येतो. दुपारी मुलीबरोबर बघा, रात्री नको. एक प्रसंग मात्र चुकवू नका. अर्ध्यानंतर येतो. संध्याकाळचं जेवण आहे, सगळे टेबलाशी बसताहेत. रोज मामाशेजारी बसणारी धाकटी ॲन आईला विचारते, आज मी तुझ्याजवळ बसू का? कारण सांगत नाही. तिला बहुधा ते सांगताही येत नसावं. एमा म्हणते की मामाला वाटेल तू त्याच्यावर रुसलीस. तेवढ्यात थोरली आईला थांबवते आणि म्हणते, बसू दे तिला तिथे. भाऊ उठतो, दोघं जागा बदलतात, आणि ॲन आईजवळ येऊन जेवायला लागते.